माळ्यावरचा पाय

“वाजवून पाहा ना मॅडम. अस्सल माल हाय.”

मालकानं माझ्या पायावर बोटांची पेरं आपटली. ठक ठक. पाय त्याच्या मांडीवर होता आणि मी खाली पोत्यावर बसले होते, गुडघ्याखाली उरलेला खुंट साडीत झाकून. बाजेवर मालक. खुर्चीवर यवतमाळच्या कॉलेजातून आलेली मॅडम. दारात अर्धा तांडा. मॅडमनं पाय वाजवला नाही, ती अवघडून हसली. मग मालकानं तो पुढे सरकवला. दिरानं वाजवला. शेजारच्या म्हाताऱ्यानं वाजवला, बाजारात मडकं वाजवून घेतात तसा. एकानं तळव्याला गुदगुल्या केल्या. सगळे खो खो हसले. माझा नवराही हसला. मालक हसला की त्याला हसावंच लागतं.

मीही हसले. ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

पाय माझा होता. पण माझ्या हाताला तो कित्येक महिन्यांत लागला नव्हता. मालक येणार म्हणून सासूनं तो माळ्यावरून काढला, पदरानं धूळ पुसली आणि थेट त्याच्या हातात दिला. माझ्या हातात द्यावा असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

आमचा तांडा राळेगाव तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत. आजूबाजूची बरीचशी जमीन मालकाची. कापूस, सोयाबीन, तूर. माझा नवरा त्याच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. मालक दारात आला की सगळ्यांच्या तोंडी मराठी येते, म्हाताऱ्या सासूच्याही. बाज रिकामी होते, चहात दूध पडतं. मालक शिवी देत नाही. आवाज चढवत नाही. “आपलेच लोक हाय,” म्हणतो आणि मिशीत हसतो. शिवी देणाऱ्याला उलटून बोलता येतं. याला काय बोलणार?

पाय गेला तो त्याच्याच शेतात. सोयाबीनची मळणी चालू होती. आदल्या दिवशी पाऊस शिंतडला होता, गंजी ओली होती, माल मशीनच्या तोंडात अडकत होता. मी हातानं लोटत होते. मालक मागून ओरडला, “हातानं काय होते? वर चढ. पायानं दाब!” मी चढले. पायानं दाबलं. मशीननं पाय ओढून घेतला. पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिणार नाही.

दवाखान्यात माझ्या आधी मालक बोलला. “आपल्या मनानं चढली वो डॉक्टरसाहेब. आइकतच नाई.” नवऱ्यानं मान हलवली. मी तेव्हा बोलायच्या अवस्थेत नव्हते. बोलायच्या अवस्थेत आले तोवर अख्ख्या तांड्याला तेच पाठ झालं होतं. आपल्या मनानं चढली. मलाही कधी कधी वाटायचं, चढले असेन बाई आपल्या मनानं.

मग पांढरकवड्याला एका हॉलमध्ये नकली पाय वाटायचं शिबिर भरलं. मालकानं मला स्वतःच्या गाडीत बसवून नेलं. पाय बनवणाऱ्या माणसानं खुंटाचं माप घेतलं, साचा काढला. दुसऱ्या खेपेला नेलं तेव्हा स्टेजवर बसवलं. हार मालकाच्या गळ्यात, पाय माझ्या हातात, आणि समोर फोटोवाला. तो फोटो मालकाच्या बैठकीत अजून लावलेला आहे. पाय बनवणारा माणूस मात्र भला होता. उतरताना मला म्हणाला, “बाई, रोज घालायचा. थोडं थोडं चालायचं. घातला नाही तर खुंट सुजतो, मग तो पाय बसत नाही.”

घरी आल्यावर मी काठी धरून हातपंपापर्यंत गेले. घामाघूम झाले. परत आले तेव्हा खुंटाची साल निघाली होती, पण जीव असा आनंदला होता की काय सांगू. मी उभी होते. बायांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होते. नवरा शेजारी आला तर माझं डोकं पुन्हा त्याच्या खांद्याला लागत होतं.

सासूनं त्या पायाला लागलेला चिखल पाहिला आणि हळहळली. आमच्या घराची एक रीत आहे. चांगली वस्तू वापरायची नाही. लग्नातली स्टीलची गुंडी माळ्यावर. नवी चादर माळ्यावर. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, हौसेनं दिलेले काचेचे कप माळ्यावर. पाहुणा आला की काढायचं, गेला की पुसून ठेवायचं. सासूनं पाय जुन्या साडीत गुंडाळला आणि गुंडीच्या शेजारी ठेवून दिला. “झिजून जाईन व माय. एवढी भारी चीज,” ती म्हणाली. आपल्या बोलीत म्हणाली, मी मराठीत सांगते आहे. तिच्या मनात पाप नव्हतं. ती जन्मभर असंच जपत आली.

पण गुंडी माळ्यावर राहिली तर पाणी दुसऱ्या भांड्यात भरता येतं. मी कोणत्या पायावर चालायचं?

मी मागून पाहिला. विनवून पाहिलं. भांडून पाहिलं. “तुले कुठं जायाचं हाय?” नवरा म्हणायचा. “बसल्या जागी खायाले मिळते ना?” मग हे मालकाच्या कानावर गेलं आणि तो खूशच झाला. “बरं केलं मावशी. साहेब लोक येतात तवा नवा दिसला पायजे.” झालं. मालकानं म्हटलं म्हणजे तो आमच्या घरातला कायदा.

तेव्हापासून मी जमिनीवर सरकते. हातांवर जोर देऊन, ढुंगणावर. लाजायचं काय, आहे ते आहे. चुलीपासून दारापर्यंत. दारापासून मागच्या मोरीपर्यंत. तळहाताला घट्टे पडले. माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. मी समोर असताना मला ओलांडून जातात, आणि ओलांडताना पाय लागला तर जमिनीला नमस्कार करतात.

अशा घरात मॅडम आली. चांगली होती पोरगी, वयानं माझ्याहून लहान. म्हणाली, “ताई, पाय गेलेल्या लोकांना घरच्यांचा, शेजाऱ्यांचा, मैत्रिणींचा किती आधार वाटतो, ते आम्ही मोजतो आहोत. मी एकेक प्रश्न विचारते. कधीच नाही, कधी कधी की नेहमी, एवढंच सांगायचं.”

पांढरकवड्याला खुंट मोजला होता, आता आधार मोजायचा. मोजा म्हटलं.

“अडचणीच्या वेळी घरचं कोणी मदतीला येतं?”

“नेहमी,” मालक म्हणाला. “लिहा मॅडम. एवढं भरलं घर हाय. एकटी राह्यतच नाई ती.”

“मनातलं मोकळेपणानं बोलायला कोणी आहे?”

जाऊ दारातून म्हणाली, “दिवसभर आमच्याशीच त बोलून राह्यते.”

“घरच्यांचं तुमच्यावर प्रेम आहे असं वाटतं?”

सासूनं पदर डोळ्यांना लावला. “आधीच लेकरू नाई, आता पाय नाई. तरी ठिवली ना घरात.”

“दुसऱ्या कोणं टाकून देली असती,” मालक म्हणाला. “आपल्या लोकाईनं नाई टाकली. हे लिहून घ्या मॅडम. याच्याहून मोठा आधार कोणता?”

मॅडम दर वेळी माझ्याकडे पाही. “ताई, तुम्ही सांगा.” आणि मी नवऱ्याकडे पाही. तो मालकाकडे. मी म्हणाले, हो. पुन्हा म्हणाले, हो. शेवटी शेवटी तर प्रश्न संपायच्या आधीच “नेहमी” म्हणत गेले, एकदाचं आटपावं म्हणून.

कागद बॅगेत घालता घालता मॅडम म्हणाली, “यवतमाळला आम्ही चालायचा सराव घेतो. राहायची सोय आहे. पायऱ्या, खडबडीत रस्ता, एसटीत चढणं-उतरणं, सगळं शिकवतात. जागा थोड्या आहेत, म्हणून ज्यांना घरी आधार नाही त्यांना आधी बोलावतो. तुमचं तर छानच आहे ताई. भरपूर आधार आहे. तुमचा नंबर नंतर लागेल.”

त्या घराबाहेर पडायचा एक रस्ता होता आणि तो मी माझ्याच तोंडानं बंद केला होता. “नाही” म्हटलं असतं तर नवऱ्याचं काम गेलं असतं. “हो” म्हटलं तर मी जन्मभर त्या पोत्यावर. आणि हे सगळं मला कळेपर्यंत मॅडम चप्पल घालून अंगणात पोचली होती. ती म्हणत होती की नाल्यापलीकडच्या गावात एका आजोबांना भेटायचं आहे, शुगरनं पाय गेलाय त्यांचा, आणि मग दुपारची गाडी फाट्यावरून.

सासूनं पाय गुंडाळून पुन्हा वर ठेवला.

वेचणीचे दिवस होते. सगळे कापसात गेले. जाताना जावेनं दार ओढून बाहेरून कडी घातली, शेळ्या शिरतात म्हणून. कडीला कुलूप नसतं. फटीतून हात घातला की कडी निघते, हे मला केव्हापासून माहीत होतं. पण काढून जाणार कुठं, आणि कशावर?

मला सकाळपासून लघवीला लागली होती. मालक आणि एवढे पुरुष बसलेले, त्यांच्यासमोरून सरकत मोरीकडे कशी जाणार? दाबून धरली होती. आता घाईनं दाराकडे सरकले आणि उंबऱ्याशीच झाली. साडी भिजली. मी त्या ओल्यात बसून राहिले. कानात मालकाचं वाक्य. एकटी राह्यतच नाई ती.

रडू आलं नाही. राग आला. मालकाचा आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. ही माणसं दुष्ट असती तर सोपं गेलं असतं. सासू रोज खुंटाला तेल चोळते. जाऊ पाणी तापवून देते. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही. पण यांतलं कोणीही मला उभं राहू देत नाही. मी बसलेली बरी. बसलेली बाई कुठं जात नाही, काही बोलत नाही, आणि मालकाला फोटोला उपयोगी पडते. बैल दाव्याला बांधलेला असतो. त्या दाव्याला कोणी बैलाचा आधार म्हणत नाही.

तुरी झोडपायची लांब काठी कोपऱ्यात होती. ती घेऊन मी माळ्यावरचं गाठोडं ओढू लागले. आधी गुंडी आली, दणकन. मग माझ्या याडीचे कप. फुटले. एक क्षण जीव हलला माझा. मग पाय आला.

खुंट सुजलेला होता, आत जाईना. फडकं घट्ट गुंडाळून बसले, दाबून दाबून सूज उतरवली, मोजा चढवला आणि खुंट आत रेटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पट्टा आवळला. कोरडी साडी नेसले. फटीतून हात घालून कडी काढली आणि बाहेर पडले.

तांड्यापासून फाटा फार लांब नाही. धडधाकट माणूस गप्पा मारत जातो. मी बाभळीला धरत, बांधावर टेकत गेले. दोन्ही बाजूंना वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या. त्या एकेक करून उभ्या राहिल्या. कोणी हाक मारली नाही. खुंट आत सोलत होता, ते मला कळत होतं. मी दात खाऊन चालत राहिले.

फाट्यावर चहाच्या टपरीशी मॅडम बॅग घेऊन उभी होती. आणि बाकड्यावर मालक, दोन सोबत्यांबरोबर.

“अवं! पाय कायले घातला?” मालक उठला. “खराब होईन ना तो! तुले सोडलं कोणं?”

सोडलं कोणं. म्हणजे गोठ्यातून. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जुन्या सवयीनं पदर सावरत बसले असते. मी मॅडमला म्हणाले, “मॅडम, सकाळी सांगतलं ते खोटं हाय. खोडून टाका. पुन्ना इचारा.”

“ताई, आधी बसा तुम्ही.”

“नाई. उभ्यानंच सांगते.”

मॅडमचा चेहरा उतरला. “मी तुम्हाला एकटीला विचारायला हवं होतं,” ती हळू म्हणाली. मग मालकाकडे वळली. “भाऊ, तुम्ही जरा पलीकडे जाता का?”

मालक जागचा हलला नाही. मी म्हणाले, “राहू द्या. आइकू द्या त्याईले.”

मॅडमनं कागद काढला. तेच प्रश्न.

“अडचणीच्या वेळी घरचं कोणी मदतीला येतं?”

“भाकर देतात. पाय देत नाईत.”

“मोकळं बोलायला कोणी आहे?”

“कोणीच नाई.”

“घरच्यांचं प्रेम आहे असं वाटतं?”

इथं मी अडले. सासूचा तेलाचा हात आठवला. खोटं पुन्हा बोलायचं नव्हतं, या बाजूनंही नाही. म्हणाले, “हाय. पण ते मले बसवूनच ठिवते.”

मालकाच्यानं राहवलं नाही. “नमकहराम जात! पाय कोणं देला इले? मी देला!”

आणि माझ्या तोंडून ते निघालं. इतके महिने आत दाबून ठेवलेलं. “तुमी देला. अन् पायानं दाब असं बी तुमीच म्हणलं होतं. मी आपल्या मनानं चढली नोती.”

टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता हात थांबवला. मालकाचे सोबती रस्त्याकडे बघू लागले. मालकाचं तोंड मी पहिल्यांदा असं पाहिलं, मिशी होती पण हसू नव्हतं. तो दातांतल्या दातांत म्हणाला, “नवऱ्याले सांग, उद्यापासून शेतात पाय ठिवू नको म्हणा.” गाडी आली. मॅडमनं माझा हात दाबला, “मी प्रयत्न करते,” म्हणाली आणि चढली. मी परत फिरले. घरी पोचेपर्यंत मोजा रक्तानं चिकटला होता.

बातमी माझ्या आधी पोचलेली. नवरा अंगणात उभा. सासू कपांचे तुकडे सुपात गोळा करत होती.

“साल मोडलं माह्यं,” नवरा म्हणाला. “चाल आत्ताच. मालकाच्या पाया पड. चुकलं म्हण.”

“चुकलं नाई.”

त्यानं समोरची बादली लाथाडली. मी पट्टा सोडून पाय काढला तशी सासू सवयीनं तो घ्यायला वाकली. मी तो छातीशी धरला. “मी मेल्यावर ठेव वर,” म्हणाले. असं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

याला बरेच दिवस झाले. नवऱ्याचं काम सुटलं ते सुटलंच. वणीकडे ट्रकवर काम मिळतं का पाहतो म्हणतो, आणि माझ्याशी बोलत नाही. जाऊ पाणी तापवून देत नाही. सासूनं तेल लावणं सोडलं, मी माझी लावते. खुंटाची जखम आत्ता कुठे सुकली. हे लिहिताना कोणी मला शाबासकी देत नाही आहे. खरं सांगायचं तर आता मला भीती वाटते, दिवसातून पुष्कळदा. पण रोज सकाळी मी पाय घालते आणि हातपंपापर्यंत जाऊन येते.

परवा शेजारच्या मोबाईलवर मॅडमचा फोन आला. जागा झाली आहे, सोमवारपासून या. नवऱ्यानं ते नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या कानावर घातलं. बैठक बसली. मला बोलावून ओट्याखाली उभं केलं. नायक म्हातारा आहे, मायेनं बोलतो. “पोरी, एक शब्दच त हाय. मालकाची माफी माग, नवऱ्याचं काम लागू दे, मंग जा खुशाल. माफी न मागता गेली, त परत आल्यावर घरात घ्यायचं का नाई ते आमी ठरवू.”

मी तिथं काही बोलले नाही. इथं बोलते.

सोमवारी पहिल्या गाडीनं मी जाणार आहे. नवरा फाट्यापर्यंत सोडायला आला तर येऊ दे. नाही आला तरी जाणार. परत आल्यावर दार उघडलं नाही तर नायकाच्या ओट्यासमोर उभी राहीन आणि फाट्यावर बोलले तेच सगळ्या तांड्यासमोर बोलेन, गोरबोलीत, लहानथोर सगळ्यांना कळेल असं. मशीनवर मी आपल्या मनानं चढले नव्हते. मला चढवलं होतं. माफी कोणाला मागायची असेल तर मालकानं मागावी. मी मागणार नाही.